मुलांसाठीचा परसबाग संच: परभणीच्या काळ्या मातीतील एका वर्षाचा अनुभव

गेल्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी ‘मुलांसाठी परसबाग’ म्हणून विकला जाणारा एक संच ऑनलाइन मागवला. किंमत १,२९९ रुपये होती. थोरली ९ वर्षांची आणि धाकटा ६ वर्षांचा, दोघांनाही मातीत हात घालण्याची मनापासून हौस. शाळेला सुट्टी लागण्याच्या बेतात होती आणि परभणीतल्या आमच्या घरामागे साधारण १२ बाय २० फुटांची जागा मोकळी पडलेली होती. संचात बियाण्यांची १० पाकिटे, ९ इंची १० ग्रो बॅग, कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या दाबलेल्या भुशाच्या, ६५० ग्रॅमच्या २ विटा, १ किलो गांडूळखत, २ लहान खुरपी, १ झारी, हातमोजांचे २ जोड आणि २४ पानांची माहितीपुस्तिका अशा वस्तू होत्या. आता तिन्ही हंगाम उलटून गेल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे, कारण अशा वस्तूचे मूल्यमापन पार्सल उघडले त्या दिवशी होऊ शकत नाही.

आधी अवजारांबद्दल, कारण संचाचा सर्वांत चांगला भाग तोच आहे. खुरप्याची मूठ लाकडी असून लहान मुलाच्या हातात बसेल अशी बारीक आहे, पाते खेळण्यासारखे पातळ नाही आणि वर्षभर वापरूनही ते वाकलेले नाही. झारीत दीड लिटर पाणी मावते. घरातली मोठी बादली किंवा पाच लिटरची झारी सहा वर्षांच्या मुलाला पेलत नाही, मग तो ती ओढत नेतो आणि पाणी रोपाच्या बुडाशी धबाधबा ओततो, त्यामुळे मुळे उघडी पडतात. या झारीच्या तोटीला बारीक छिद्रांची जाळी असल्याने मेथीची कोवळी रोपेसुद्धा आडवी झाली नाहीत. ज्याने ही झारी घडवली त्याला मुलांच्या हाताची ताकद नेमकी ठाऊक असावी.

बियाण्यांबाबत मात्र माझी गंभीर तक्रार आहे. पार्सल उघडल्यावर धाकट्याने सर्वांत आधी मक्याचे पाकीट फाडले आणि दाणे तळहातावर घेतले; त्याची बोटे गुलाबी झाली. तो रंग शोभेचा नव्हता. बुरशीनाशकाची प्रक्रिया केलेले बियाणे खाण्याच्या धान्यापासून वेगळे ओळखता यावे म्हणून ते रंगवले जाते. अशा बियाण्याच्या वेष्टनावर प्रक्रियेचा उल्लेख आणि ते खाण्यासाठी वापरू नये ही सूचना छापणे आवश्यक असते. पाकिटावर ती सूचना होती, पण इंग्रजीत, मागच्या बाजूला आणि मला चष्मा लावून वाचावी लागेल इतक्या बारीक अक्षरांत. शेतकरी असे बियाणे हाताळताना काळजी घेतो, कारण त्याला ते माहीत असते. मुलांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या संचात ते ठेवणेच मला अयोग्य वाटते. मी मुलांचे हात साबणाने धुतले, मक्याचे आणि कोथिंबिरीचे अशी दोन्ही गुलाबी पाकिटे बाजूला काढली आणि पुढे ती वापरलीच नाहीत. हा संच कोणी घेणार असेल, तर मुलांसमोर ठेवण्यापूर्वी प्रत्येक पाकीट स्वतः उघडून पाहावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी अडचण हंगामाची आहे. पुस्तिकेत मार्च-एप्रिल हा पेरणीचा ‘सर्वोत्तम काळ’ म्हणून दिला आहे आणि त्या पानावर पालक, केल, बेसिल आणि चेरी टोमॅटोची चित्रे आहेत. हे वेळापत्रक थंड प्रदेशातल्या वसंत ऋतूचे आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, जमिनीला भेगा पडतात, आणि त्या उन्हात पेरलेला पालक उगवला तरी वाढण्याआधीच फुलावर येतो किंवा करपून जातो. हे संच सुट्टीतला उपक्रम म्हणून विकले जातात, आणि सुट्टी नेमकी मराठवाड्यात पेरणीला सर्वांत प्रतिकूल अशा दिवसांत येते, ही गोष्ट आईवडिलांनी आधीच लक्षात घेतली पाहिजे. पहिल्याच प्रयत्नात बी उगवले नाही, तर मुलाला दोष हंगामाचा आहे हे कळत नाही. आपल्या हातून काही जमत नाही असे त्याला वाटू लागते.

म्हणून आम्ही पेरणीऐवजी उगवण चाचणीपासून सुरुवात केली. सोयाबीन पेरण्यापूर्वी शेतकरी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतात आणि किती उगवले ते मोजतात. तीच पद्धत आम्ही सुती कापडावर प्रत्येकी २० बिया मांडून वापरली. सावलीत ठेवलेल्या त्या गुंडाळ्या रोज संध्याकाळी ओल्या करणे आणि आठव्या दिवशी उघडून मोजणे हे काम मुलांना प्रत्यक्ष पेरणीइतकेच आवडले. थोरलीने वहीत तक्ता केला. गवारीच्या २० पैकी १७ बिया उगवल्या, भेंडीच्या १४, चेरी टोमॅटोच्या ११, आणि पालकाच्या केवळ ६. वीस बियांची चाचणी लहान असते, त्यामुळे पालकाची चाचणी ५० बिया घेऊन पुन्हा केली, तेव्हा १७ उगवल्या. प्रमाणित बियाण्यासाठी पालकाची किमान उगवण ६० टक्के आणि भेंडीची ६५ टक्के ठरलेली आहे. त्या मापाने भेंडी उत्तीर्ण होते, पालक ठरलेल्या किमान उगवणीच्या निम्म्याच्या आसपास राहतो. पाकिटावरची वैधता त्याच महिन्यात संपत होती, हे नंतर ध्यानात आले. कंपनीला लिहिल्यावर उत्तर सौजन्याचे आले आणि नऊ दिवसांत पालकाचे नवे पाकीटही आले; मात्र त्यावर लॉट क्रमांक तोच होता, म्हणजे बी त्याच जुन्या खेपेतले होते.

कोकोपीटचा हिशेबही जुळत नाही. ६५० ग्रॅमची वीट भिजवल्यावर साधारण आठ-नऊ लिटर होते, आणि ९ इंची एक ग्रो बॅग भरायला जवळपास तितकेच लागते. म्हणजे दहा पिशव्यांपैकी दोन भरतात आणि उरलेल्या आठांचे काय करायचे याबद्दल पुस्तिका काहीच सांगत नाही. आम्ही परसातली माती, चांगले कुजलेले शेणखत आणि कोकोपीट एकत्र करून सहा पिशव्या भरल्या आणि भेंडी व गवार सरळ जमिनीत लावली, कारण भेंडीचे सोटमूळ खोल जाते आणि ९ इंचांत ते गुदमरते. निव्वळ कोकोपीट भरलेल्या एका पिशवीवर आमच्या बोअरच्या जड पाण्यामुळे महिन्याभरात पांढरा थर धरला, तो निराळाच.

पाण्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण उत्साही मुलांच्या हातून बाग बिघडते ती बहुधा इथेच. पुस्तिका सांगते, ‘रोज पाणी घाला’. मुलांना हेच ऐकायचे असते. सकाळी एक घालतो, दुपारी दुसरा घालतो, संध्याकाळी दोघे मिळून घालतात. हलक्या मातीत पाणी निचरून जाते, पण आपली काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते, चिकट होते आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. गवारीची आमची पहिली ओळ अशीच पिवळी पडून बसली. तेव्हा सासूबाईंनी मुलांना वाफसा म्हणजे काय ते शिकवले. मूठभर माती घेऊन दाबायची. लाडू वळला आणि हाताला चिखल लागला तर पाणी नको, लाडू वळून बोटाच्या टोकाने सहज फुटला तर वाफसा आहे, आणि लाडू वळलाच नाही तर झारी आणायची. त्यानंतर पाणी घालण्यापूर्वी लाडू वळून पाहणे हा दोघांचा रोजचा परिपाठ झाला. खुरपणीसाठीही हीच वेळ योग्य असते, हे धाकट्याला आता माझ्यापेक्षा आधी कळते. चोवीस पानांच्या पुस्तिकेत या एका गोष्टीला अर्धे पान मिळाले असते, तर तिची उपयुक्तता कितीतरी वाढली असती.

मे अखेरीस संचातल्या भेंडीच्या अकरा झाडांना फुले आली आणि त्यापाठोपाठ सात झाडांवर केवडा आला. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, फळे फिकट आणि आखूड राहिली. हा विषाणूजन्य रोग पांढरी माशी पसरवते आणि एकदा लागल्यावर त्यावर उपाय नसतो. रोगट झाड उपटून नष्ट करावे लागते. स्वतः लावलेले झाड उपटताना थोरली रडली. ज्या गावात ‘परभणी क्रांती’ हा केवड्याला प्रतिकारक म्हणून नावाजलेला भेंडीचा वाण तयार झाला, त्याच गावात आपण दूरच्या कंपनीचे बियाणे लावून बसलो, याची मला त्या दिवशी फार चुटपुट लागली.

मृगाचा पाऊस झाल्यावर आम्ही दुसऱ्यांदा सुरुवात केली, ती कृषी विद्यापीठातून आणलेल्या परभणी क्रांतीच्या बियाण्याने आणि सासूबाईंनी जिंतूरकडच्या गावाहून राखेत ठेवून आणलेल्या अंबाडी, दोडका आणि वालाच्या बियांनी. भेंडीचे बी रात्रभर भिजवून सकाळी लावले. चौदा झाडांपैकी सप्टेंबरपर्यंत दोनच झाडांवर पिवळ्या शिरा दिसल्या. तोडणी एक दिवसाआड करावी लागते, कारण दोन दिवस विसरले की भेंडी निबर होते. शिवाय झाडाच्या लवेने हात खाजतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. संचातले हातमोजे इथे उपयोगी पडले. अंबाडी पाचसहा आठवड्यांतच खुडायला आली आणि ज्वारीच्या कण्या घालून केलेली तिची भाजी, वरून लसणाची फोडणी, मुलांनी कुरकूर न करता खाल्ली. बाजारातून आणलेल्या अंबाडीला त्यांनी यापूर्वी कधी हात लावला नव्हता.

आणखी एक फरक मुलांनीच दाखवून दिला. ‘यातले बी पुढच्या वर्षी लावता येईल का?’ असे थोरलीने विचारले. संचातली भेंडी संकरित होती. तिच्या फळातले बी लावले तर पुढची झाडे मूळ झाडासारखीच निपजतील याची खात्री नसते. परभणी क्रांती हा सरळ वाण, म्हणजे ज्याचे बी राखून लावले तरी तशीच झाडे येतात असा, असल्याने निरोगी झाडांवरच्या चार शेंगा आम्ही वाळेपर्यंत राखल्या आणि त्यांचे बी डबीत भरून ठेवले आहे. संचाच्या विक्रेत्यांनी कोणते बियाणे संकरित आणि कोणते सरळ वाणाचे, एवढे तरी पाकिटावर मराठीत लिहावे.

दसऱ्यानंतर पेरलेल्या मेथी, मुळा आणि पालकाबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. थंडीत या भाज्या आपल्याकडे सहज येतात, आणि कंपनीने बदलून दिलेला पालकसुद्धा दाट पेरल्यामुळे पुरेसा उगवला. ग्रो बॅगपैकी चार शिवणीत उसवल्या असून सहा शाबूत आहेत.

गुण द्यायचे झाल्यास अवजारांना पाचपैकी साडेचार, ग्रो बॅगना तीन, बियाण्यांना एक आणि पुस्तिकेला दीड देईन. हीच कंपनी दोन खुरपी, झारी आणि हातमोजे असा लहान संच ४४९ रुपयांना स्वतंत्र विकते, तो निःसंकोच घ्यावा. बियाणे मात्र जवळच्या कृषी विद्यापीठातून, खात्रीच्या दुकानातून किंवा गावाकडच्या नातेवाइकांकडून आणावे. मोठा संच घ्यायचाच असेल तर तो मेच्या शेवटी मागवावा, पाकिटांवरची वैधता तपासावी आणि सुट्टीचे दिवस उगवण चाचणी, माती चाळणे व शेणखत मिसळणे यांत घालवून पहिली पेरणी पावसानंतरच्या पहिल्या वाफशावर करावी.