पुण्यात रीसेल फ्लॅट आणि एजंटचे दोन टक्के: कुठे वसूल होतात, कुठे वाया जातात

पुण्यात रीसेल फ्लॅटच्या व्यवहारात एजंट घेणाऱ्याकडून साधारण १ ते २ टक्के घेतो आणि बहुतेक वेळा विकणाऱ्याकडूनही घेतोच. ८० लाखांच्या फ्लॅटवर २ टक्के म्हणजे १,६०,००० रुपये. एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे आणखी २८,८००. एवढ्यात बऱ्यापैकी मॉड्युलर किचन होतं. तेव्हा हा माणूस नक्की करतो काय, हा प्रश्न रास्तच आहे.

'फ्लॅट शोधून देतो' एवढंच उत्तर असेल तर सौदा महाग पडला. पोर्टलवर एकाच फ्लॅटचे तेच फोटो चार एजंटांनी तीन वेगवेगळ्या किमतींना टाकलेले असतात. त्यातल्या एखाद्याकडेच 'डायरेक्ट पार्टी' असते, म्हणजे मालकाशी थेट संबंध, बाकीचे मधले. पहिल्याच फोनवर विचारून टाकावं: पार्टी डायरेक्ट आहे का, आणि किल्ली कोणाकडे असते? किल्ली ज्याच्याकडे, मालकाचा भरवसा बहुधा त्याच्यावर. मध्ये दोन-तीन एजंट आले की निरोप पोचेपर्यंत भाव बदलतो, आणि शेवटी दलालीच्या वाटणीवरून त्यांच्यात वाजतं ते वेगळंच.

एजंटचे पैसे वसूल होतात ते विसार दिल्यापासून ताबा मिळेपर्यंतच्या दोन-तीन महिन्यांत. कामाचा एजंट विसाराचा चेक निघण्याआधीच मालकाकडून झेरॉक्सचा गठ्ठा मागवतो: बिल्डरच्या पहिल्या करारापासूनची साखळी, प्रत्येक कराराचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला नोंदीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीतल्या सभासदत्वाचा दाखला), भोगवटा पत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला), प्रॉपर्टी टॅक्सची चालू पावती, वीजबिल, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र. मग नावं ताडून बघतो. इंडेक्स टूवर नवरा-बायको दोघं आणि शेअर सर्टिफिकेटवर एकटा नवरा, असं असेल तर बँकेचा वकील तिथेच थांबतो. साखळीतला एखादा मूळ करार हरवलेला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, यात तीन-चार आठवडे सहज जातात. हे विसाराआधी कळलं तर भाव आणि मुदत दोन्हींवर बोलता येतं. नंतर कळलं तर अडकलेला पक्ष तुम्ही.

खरा कस लागतो तो मालकाच्या फ्लॅटवर कर्ज असेल तेव्हा. क्रम असा असतो. मालकाच्या बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि ताब्यातल्या मूळ कागदांची यादी घ्यायची. पत्रावर तारीख असते, ती उलटली की व्याज वाढून आकडा बदलतो. ते पत्र तुमच्या बँकेत द्यायचं. करार नोंदवायचा. मग तुमच्या बँकेचा पहिला चेक मालकाच्या हातात न जाता थेट त्याच्या कर्जखात्यात जातो. खातं बंद झालं की मूळ कागद सुटतात, ते तुमच्या बँकेत जमा होतात आणि तेव्हा कुठे उरलेला चेक मालकाला मिळतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत कागद परत देणं बँकेवर बंधनकारक आहे, चूक बँकेची असेल तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये. पण ते ३० दिवस अवघडच. मालकाचं कर्ज फिटलंय पण हातात पैसे नाहीत, तुमचा हप्ता सुरू झालाय पण किल्ली नाही. दोघंही एकमेकांवर संशय घेऊ लागतात. अशा वेळी दोन्ही बँकांत चकरा मारणारा, मालकाला रोज रात्री फोन करून थोपवणारा माणूस मध्ये असेल तर २ टक्केही जास्त वाटत नाहीत.

वारसाहक्काने आलेल्या फ्लॅटचंही तसंच. सोसायटीच्या दप्तरात नॉमिनी म्हणून नाव असलेला मुलगा एकटा मालक ठरत नाही. बहीण-भावांनीही करारावर सही करायची किंवा त्याच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यायचं. बहीण परदेशात असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित कुलमुखत्यारपत्र येतं आणि ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. अनुभवी एजंट फ्लॅट दाखवायच्या आधीच 'वारस किती?' विचारून घेतो. नवखा एजंट बाल्कनीतला वारा दाखवत बसतो.

आता जिथे एजंटवर विसंबू नये ते. भाव. तुमच्यासाठी भाव २ लाखांनी उतरवला तर २ टक्क्यांच्या हिशोबाने त्याचे ४,००० रुपये जातात, सौदा फिसकटला तर सगळेच जातात. त्यामुळे त्याला घाई असते ती क्लोजिंगची. त्याच इमारतीतले अलीकडचे व्यवहार नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर स्वतः बघावेत. रोखीचा भाग वर दिला असेल तर नोंदलेली किंमत खरी नसते, हे धरून चालावं. आणि तुम्हाला कोणी 'इतके चेकने, इतके कॅश' सुचवलं तर तिथूनच परत फिरावं. स्थावर मालमत्तेत २०,००० किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारणाऱ्याला आयकर कायद्यात तेवढाच दंड आहे, आणि उद्या विकताना तुमची खरेदी किंमत कागदावर कमी दिसून भांडवली नफ्याचा कर तुमच्या माथी बसतो.

क्षेत्रफळाच्या बाबतीतही सावध. एजंटच्या तोंडी अजून बिल्टअपच असतो, म्हणजे भिंती धरून. तुम्ही करारातला कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, विचारायचा. 'पार्किंगसकट' म्हणाला तर ते कुठल्या कागदावर आहे ते बघायचं. स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) किंवा उघडी जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलंय. जुन्या सोसायटीत पार्किंग बहुधा सोसायटीच्या वाटपावर चालतं आणि ते नव्या सभासदाकडे आपोआप येईलच असं नाही. कोथरूड-कर्वेनगरच्या जुन्या इमारतींत 'रिडेव्हलपमेंट होणारच आहे' म्हणून भाव चढवतात. सर्वसाधारण सभेचा ठराव आणि विकसकाशी नोंदवलेला करार दाखवा म्हणावं. दोन्ही नसतील तर त्या वाक्याला शून्य रुपये.

टीडीएसमध्ये, म्हणजे पैसे देतानाच कापून भरायच्या आयकरात, तर एजंट सर्रास चुकतात. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने १ टक्का कापून भरायचा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण विकणारा अनिवासी असेल तर हा १ टक्का चालत नाही; कपात बरीच मोठी असते आणि न कापल्यास जबाबदारी घेणाऱ्यावर येते. तिथे सीएच गाठावा. मालकीहक्काचा ३० वर्षांचा सर्चही एजंटचं काम नाही. वकील स्वतःचा करावा. एजंटने सुचवलेल्या वकिलाला पुढची कामं एजंटकडूनच मिळत असतात.

महारेरा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, नोंदणीचं काय? एजंटचा क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आता नोंदणीसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. पण कायद्याने ती नोंदणी लागते रेरात नोंदलेल्या प्रकल्पातल्या विक्रीसाठी. ३० वर्षं जुन्या सोसायटीतला फ्लॅट दाखवणाऱ्याला ती नसली तरी तो बेकायदा ठरत नाही. असली तर बरं, एवढंच. नव्या प्रकल्पात मात्र एजंटला बिल्डर पैसे देतो, त्याला तिथे चॅनल पार्टनर म्हणतात. तुमच्याकडे वेगळी दलाली मागितली तर देऊ नये. शिवाय त्याने तुमचा नंबर बिल्डरकडे एकदा नोंदवला की नंतर थेट गेलात तरी तुम्ही त्याचंच गिऱ्हाईक धरले जाता. फिरायच्या आधी विचार करून नंबर द्यावा.

कर्ज नाही, एकच मालक, साखळी पूर्ण, आणि विकणारा तुमच्याच सोसायटीतला? मग एजंट नकोच, वकील आणि मुद्रांक-नोंदणीचं काम बघणारा माणूस पुरे. बाकी ठिकाणी १ टक्का योग्य. २ टक्के फक्त वारस किंवा कर्जाच्या गुंत्यात.

दर, जीएसटी आणि कामाची व्याप्ती विसाराआधी एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. बहुतेक एजंट नोंदणीच्या दिवशी, निबंधक कार्यालयाबाहेरच पूर्ण रक्कम मागतात. निम्मे तेव्हा द्यावेत, २५ टक्के ताब्याला, आणि शेवटचे २५ टक्के सोसायटीत हस्तांतराचा अर्ज दाखल होऊन पोच हातात आल्यावर. त्या अर्जाबरोबर सोसायटी हस्तांतर अधिमूल्य (सभासद बदलण्याचं शुल्क) मागेल. पुणे महापालिका हद्दीत त्याची कमाल मर्यादा २५,००० आहे. 'डेव्हलपमेंट फंड' या नावाखाली लाखभर मागितले तर कमिटीशी बोलणं, हेही त्या शेवटच्या २५ टक्क्यांतलंच काम.