ॲडमॉब तीन वर्षं वापरून: भजनाच्या ॲपमधून किती पैसे सुटतात

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू गेमवाल्यांसाठी नाही. बार्शीत माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, गिऱ्हाईक नसताना बसून बसून एक ॲप बनवलं, आरत्या, अभंग, भूपाळ्या, अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येतं आणि नेट नसलं तरी चालतं. खरं तर आईसाठी केलेलं, तिला पुस्तकातलं बारीक दिसेना म्हणून. मग प्ले स्टोअरवर टाकलं (२५ डॉलर, एकदाच भरायचे), भजनी मंडळांच्या ग्रुपवर लिंक फिरत गेली आणि आता रोज चारेक हजार लोक उघडतात. त्यावर गूगलचं ॲडमॉब, म्हणजे ॲपमध्ये जाहिराती दाखवून त्याचे पैसे देणारी सर्व्हिस, लावून तीन वर्षं झाली. दुकानात येणारी पोरं सारखी विचारतात "दादा किती मिळतात हो", म्हणून एकदाच लिहून ठेवतो, पुढच्या वेळी लिंक पाठवीन.

मोबाईलच्या जाहिरातीतून पैसे हे प्रकरण आपल्याकडं जुनंच आहे. मी कॉलेजला असताना एमजिंजर म्हणून बंगळुरूची एक सर्व्हिस होती, जाहिरातीचा एसेमेस वाचायचे २० पैसे. आम्ही होस्टेलवर सगळ्यांनी नंबर टाकले होते आणि कुणाचे किती पैसे झाले याच्या गप्पा मारण्यातच जास्त मजा होती. ॲडमॉबही त्याच काळातलं, २००६ ला ओमर हमुई नावाच्या माणसानं सुरू केलं आणि २००९ मध्ये गूगलनं ते ७५ कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. फरक इतकाच की एमजिंजरमध्ये पैसे बघणाऱ्याला मिळायचे, इथं ज्याच्या जागेत जाहिरात लागली त्याला मिळतात. म्हणजे रस्त्याकडेच्या घरमालकानं भिंत साबणवाल्याला रंगवायला द्यावी तसं. माझी भिंत म्हणजे अभंगाखालची ती बारकी पट्टी.

लावायला सोपं आहे, त्याचे पूर्ण मार्क. ॲप बनवायला थोडंफार येत असेल तर एका संध्याकाळी बॅनर, म्हणजे ती खालची पट्टी, दिसायला लागतो. टेस्ट ॲड, म्हणजे तपासायच्या खोट्या जाहिराती, वेगळ्या मिळतात, डेव्हलपिंग करताना त्याच वापरा, खऱ्या लावून स्वतःच बोट मारत बसू नका. एक ॲप-ॲड्स डॉट टीएक्सटी नावाची फाईल, म्हणजे आपल्या ॲपमधली जागा कोण विकू शकतं त्याची यादी, आपल्या वेबसाईटवर ठेवावी लागते, त्यामुळं वेबसाईट नसेल तर डोमेनचा खर्च धरा. १० डॉलर जमले की पत्ता तपासायला घरच्या पत्त्यावर साध्या टपालानं पिन नंबरचं पत्र येतं. हे मला भारी वाटलं, एवढी मोठी कंपनी आणि शेवटी भिस्त पोस्टमनवर! पत्ता इंग्रजीत नीट लिहा, "मारुती मंदिराच्या मागं" हे पण लिहा, आमच्या इथं त्यावरच पत्र येतं. अमेरिकेचा टॅक्स फॉर्म असतो, तो पॅन नंबर टाकून भरून द्यायचा, घाबरायचं काही नाही.

आता मेन मुद्दा, पैसे.

माझ्या ॲपला महाराष्ट्रातल्या लोकांकडून बॅनर हजार वेळा दिसला की साधारण १० रुपये येतात. हजार वेळा! फुल स्क्रीनवाली जाहिरात हजार वेळा दिसली की ५० च्या आसपास. हे कळलं तेव्हा मी कॅल्क्युलेटर दोनदा दाबून बघितला. आणि तेच ॲप, तोच अभंग, तीच खालची पट्टी न्यू जर्सीतल्या कुणी उघडली की भाव सात-आठ पट होतो. माझ्याकडं शंभरात तीन-चार माणसं तिकडची आहेत आणि कमाईतला जवळपास पाव हिस्सा त्यांचा आहे. कारण सरळ आहे, प्रत्येक जागेचा लिलाव होतो, डोळ्याची पापणी लवायच्या आत, आणि अमेरिकेतल्या माणसाला विमा नाहीतर गाडी विकायला टपलेले दहा जण बोली लावतात, तर पांगरी गावातल्या आजीसाठी बोली लावणारा एखादाच, तोही जोर न लावता. आजी काही ऑनलाईन विकत घेत नाही हे त्या मशीनलाही कळतं. जिओ आलं सप्टेंबर २०१६ ला, तेव्हापासून आजीच्या हातातही स्मार्टफोन आला, डेटा स्वस्त झाला, बघणारे डोळे प्रचंड वाढले, पण एवढे डोळे बाजारात आले की डोळ्याचा भाव कसा वाढणार, आमच्याकडं कांद्याचं दर वर्षी हेच होतं.

सगळं मिळून महिन्याला सात हजाराच्या आसपास जातं. पण १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, सात हजार म्हणजे १०० डॉलरच्या आतच, त्यामुळं मला दर महिन्याला मिळत नाहीत, एकाआड एक महिना मिळतात. पहिले १०० व्हायला पाच महिने लागले होते. झाले की मग पुढच्या महिन्यात २१ तारखेनंतर सुटतात, तारीख मात्र पक्की पाळतात, आजवर चुकली नाही. डॉलर बँकेत येतात तेव्हा पहिल्यांदा माझ्या बँकेतनं फोन आला, हे पैसे कशाचे, पर्पज कोड (बाहेरून आलेले पैसे कशाचे ते सांगणारा नंबर) काय. मी म्हणलं भजनाचे. ते म्हणले असा कोड नसतो.

सीझनचं गणित वेगळंच आहे आणि हे कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत. आषाढीला माझ्या ॲपवर गर्दी तिप्पट होते, मला पहिल्या वर्षी वाटलं आता लॉटरी. पण वारीत चालणारा माणूस ॲप उघडतो तेव्हा नेटवर्क धड नसतं, लाखो फोन एका टॉवरवर, अभंग ऑफलाईन असल्यामुळं झटकन उघडतो आणि जाहिरात मात्र लोड होत नाही. ॲपनं जाहिरात मागितलेल्या रिक्वेस्ट डोंगराएवढ्या आणि दिसलेल्या जाहिराती मूठभर. उलट दिवाळीच्या आधी माणसं तेवढीच पण भाव चढतो, कारण सगळे कंपनीवाले खर्च करायला निघालेले असतात, आणि जानेवारी लागला की धाडकन खाली. तर जानेवारीत आकडा बघून ॲप बिघडलं म्हणून कोड उचकत बसू नका, मी दोन रात्री घालवल्यात.

नियम कडक आहेत. स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करायचं नाही, दुसऱ्याला करायला सांगायचं नाही, अकाउंट बंद होऊ शकतं. हे मी घरी सगळ्यांना सांगितलं होतं, काकांना सोडून. काकांनी एके दिवशी सोयरे-धायरे धरून ऐंशी जणांच्या ग्रुपवर मेसेज टाकला की आपल्या पोराचं ॲप आहे, रोज उघडून प्रत्येकानं दहा-दहा वेळा जाहिरात दाबावी, आपलाच पोरगा पुढं जाईल. प्रेमानंच. मी एका गिऱ्हाइकाचा प्रिंटर उघडून बसलेलो, तो तसाच टाकून काकांना फोन केला, मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायला लावला, तर ते रुसले, "चांगलं करायला जावं तर". तासभरात पकडलं म्हणून वाचलो. घरच्यांना समजवायचं काम कोडिंगपेक्षा अवघड आहे.

मधे जास्त भावाच्या नादाला लागून ॲडमॉबसारखंच अजून एक जाहिरातीचं नेटवर्क जोडलं, नाव घेत नाही. कागदावर रेट दीडपट. दुसऱ्याच दिवशी एका मावशींचा फोन, की भूपाळी लावली आणि खाली रमीचा पत्ता नाचतोय, हे काय हो. तिथं कॅटेगरी बंद करायची सोयच नव्हती आणि जमलेले थोडे पैसे अजून तिथंच पडून आहेत. ॲडमॉबमध्ये ब्लॉकिंग कंट्रोल नावाचा भाग आहे, डेटिंग वगैरे नको असलेल्या कॅटेगऱ्या तिथं जाऊन बंद करता येतात. पहिल्या दिवशी हेच काम करा, जाहिरात नंतर. थोडी कमाई कमी होते, होऊ दे.

फुल स्क्रीन कुठं लावायची ते मात्र स्वतःच्या डोक्यानं ठरवा. ॲप उघडल्या उघडल्या किंवा बंद करताना लावायला नियमानंच बंदी आहे, पण आरतीच्या मधोमध पान उलटताना लावली की माणूस हातात ताट घेऊन उभा असतो आणि समोर चपलांचा सेल. मी ती फक्त यादीच्या पानावर ठेवलीय. अजून एक बटण दिलंय, एक व्हिडिओ बघा आणि आज दिवसभर पट्टी बंद. वाटलं कुणी दाबणार नाही, पण आज्या लोक आवडीनं दाबतात आणि व्हिडिओ पूर्ण बघतात, एकीनं तर फोन करून विचारलं की काल ती साडीची लागली होती ती परत कशी लावायची.

कुणी लावावं? ज्याच्याकडं लोक आधीच येतात त्यानं. जाहिरातीसाठी म्हणून ॲप काढणार असाल तर नका, आता प्ले स्टोअरच्या नवीन पर्सनल अकाउंटला १२ टेस्टर (ॲप वापरून बघणारी माणसं) सलग १४ दिवस दाखवल्याशिवाय ॲप बाहेरच पडत नाही, तेवढ्या वेळात चार लॅपटॉप फॉरमॅट होतात आणि पैसे हातात रोख.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा कापला तो १०० डॉलरच्या अटीसाठी, हे आकडे आपल्या गावाकडच्या ॲपचे नाहीत. एक कापला तो १० रुपयांसाठी, त्यात ॲडमॉबची चूक किती आणि पांगरीच्या आजीच्या रिकाम्या बटव्याची किती ते तुम्ही ठरवा. दुकानाचं लाईट बिल आणि नेटचं बिल यातनं निघतं, उरलेल्यात आईला टॅब घेतला. ती ॲप उघडते आणि मी लांब बसून ओरडतो, आई पट्टीला हात लावू नको.