पहिल्या २०० किलोमीटरसाठी हायब्रीड की रोड बाइक?

आमच्या शाळेतल्या एका तरुण सहकाऱ्याने जानेवारीत सोलापूर-विजापूर-सोलापूर करायचं मनावर घेतलंय. जाऊन-येऊन साधारण २०० किलोमीटर. आजवरची त्याची सगळ्यात लांबची मजल म्हणजे अक्कलकोट, तीही एकदाच. सायकल नवी घ्यायची आहे, पैसे एकाच सायकलीचे आहेत, आणि मधल्या सुट्टीत रोज तोच प्रश्न: "सर, हायब्रीड घेऊ का रोड?"

हायब्रीड म्हणजे सरळ दांड्याच्या हँडलची, जाड टायरची सायकल. रोड बाइक म्हणजे वाकड्या हँडलची, बारीक टायरची सायकल. मी दोन्ही चालवल्या आहेत. हायब्रीड चार वर्षं, रोड बाइकला आता तिसरं वर्ष लागलंय. दोन्ही घरातच आहेत, हॉलमध्ये, एकीला दुसरी टेकून. फ्रेम कशाची, गिअर किती, ब्रेक कुठले, हे दुकानदार सांगतोच आणि गरजेपेक्षा जास्तच सांगतो, म्हणून ते सोडून देतो.

लोक आधी वेगाचं बोलतात. रोड बाइक पळते, हे खरं. पण पहिल्या २०० ला वेगाची गरज किती? ब्रेव्हे म्हणतात त्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. थांबे, चहा, जेवण सगळं धरून ताशी पंधराच्या आसपास. हायब्रीडवर हे जमतं, मी केलंय. तेव्हा वेगाच्या नावाखाली कुणी रोड बाइक गळ्यात मारत असेल तर ऐकून घ्या आणि पुढे चला.

पंक्चरच्या बाबतीत मात्र रोड बाइक सरळ हरते. आपल्या भागात टायरला दोघांपासून धोका. एक वेडी बाभूळ, दुसरं ट्रकचं फुटलेलं टायर. बाभळीचा काटा निदान दिसतो. ट्रकच्या टायरमधली तार दिसत नाही. हायवेवर टायर फुटतं, त्यातल्या केसाएवढ्या तारा साईडपट्टीवर पसरतात, आणि आपण गाड्यांना वाट द्यायला नेमके तिथूनच जातो. गेल्या वर्षात माझ्या रोड बाइकची सात पंक्चर झाली, त्यातली पाच तारांची. हायब्रीडच्या जाड टायरला चार वर्षांत मिळून तेवढी झाली नसतील.

तार फसवी असते. तामलवाडीच्या अलीकडे एकदा मी ट्यूब बदलली, हवा भरली, दोन किलोमीटर गेलो, पुन्हा टायर बसलं. तार टायरमध्येच होती. नवीन ट्यूबही गेली. तेव्हापासून सामानात कापसाचा बोळा आणि भुवयांचा चिमटा असतो. टायर काढलं की आतून कापूस फिरवायचा, जिथे अडकेल तिथे तार. नखाने ती निघत नाही, चिमटाच लागतो. बोट फिरवू नका, बोटात घुसते.

त्यात रोड बाइकचा बारीक वॉल्व्ह. वाटेतल्या पंक्चरवाल्याकडचं नोझल त्याला बसत नाही. "हे असलं कुठलं वॉल आणलाव ओ सर?" हे मी दोन वेगवेगळ्या गावांत जवळपास याच शब्दांत ऐकलंय. एक छोटा पितळी अडॅप्टर मिळतो, तो हँडलच्या बॅगेत टाकून ठेवायचा. हायब्रीडला बहुतेक वेळा मोटरसायकलचाच वॉल्व्ह असतो, मग ही भानगडच नाही.

इथवर वाचून वाटेल की मास्तर हायब्रीडच घ्यायला सांगणार. मलाही तसंच वाटायचं, पहिल्यांदा विजापूरला जाईपर्यंत.

डिसेंबरातला रविवार होता. पहाटे पाचला कंबर तलावापासून निघालो, मी आणि एक मित्र, दोघंही हायब्रीडवर. वडकबाळला सीना ओलांडेपर्यंत अंधारच होता. टाकळीला भीमेच्या पुलावर ऊन आलं, तिथे थांबून फोटो काढले, अंगात भरपूर दम होता. झळकीच्या आसपास उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झिणझिणायला लागलं. हात झटकला, बरं वाटलं. पाच मिनिटांनी पुन्हा. पुढे डावा हातही. विजापुरात गोल घुमटाच्या समोर सावलीत बसून डबा काढला. घरून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणली होती. भाकरी काय, कशीही मोडते. पण चटणीची पुडी दोऱ्याने बांधलेली होती, आणि त्या दोऱ्याची गाठ मला सुटेना. गाठ दिसत होती, बोटं तिच्यावर होती, पण धरलंय की नाही तेच कळत नव्हतं. शेवटी मित्राने दाताने दोरा तोडला.

परतीचे १०० किलोमीटर कसे काढले ते सांगत बसत नाही. पाय ठीक होते. सोमवारी वर्गात फळ्यावर लिहिताना खडू दोनदा हातातून पडला. पोरं हसली. ती झिणझिण गुरुवारी गेली.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं: तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला, मनगटाच्या जरा वर, एक नस फार उथळ जाते. सरळ दांड्याच्या हँडलवर तासन् तास वजन टेकलं की ती दबते. सायकलवाल्यांमध्ये हे दुखणं जुनं आहे. मुख्य उपाय म्हणजे हाताची जागा बदलत राहायची. आणि सरळ हँडलवर जागाच एक.

मी लगेच हायब्रीडवरून उठलो नाही. जेलचे हातमोजे घेतले. त्यांनी झिणझिण वीसेक किलोमीटर पुढे ढकलली, थांबवली नाही. सीटचं नाक जरा खाली गेलं होतं, त्यामुळे अंग पुढे घसरून हातांवर येत होतं. ते सरळ केलं, बराच फरक पडला. तळव्याखाली रुंद होणाऱ्या ग्रिप लावल्या. शेवटी हँडलच्या दोन्ही टोकांना शिंगं बसवली, बार-एंड म्हणतात ती. शिंगांनी खरा आराम दिला, कारण हाताला दुसरी जागा मिळाली. पण शिंगांवर हात असताना ब्रेक बोटांखाली नसतो. वळसंगच्या पुढे उजवीकडून एक कुत्रं आडवं आलं तेव्हा शिंगावरून ब्रेकवर हात न्यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी कुत्र्याच्या पुढे निघून गेलो होतो. कुत्रं वाचलं ते त्याच्या हुशारीने.

रोड बाइकच्या वाकड्या हँडलला हात ठेवायच्या निदान तीन जागा आहेत: वरचा आडवा दांडा, ब्रेकचे हुड (ब्रेक जिथे हँडलला बसतो तिथले रबरी उंचवटे), आणि खालचा बाक. हुडवर असताना ब्रेक बोटांखालीच असतो, आणि बहुतेक वेळ आपण हुडवरच असतो. वीस मिनिटांनी वर, मग हुडवर, वारा तोंडावर आला की खाली. दुसऱ्या वर्षी तीच विजापूरची फेरी रोड बाइकवर केली. येताना नांदणीजवळ एक पंक्चर झालं. वीस मिनिटं गेली. घरी येऊन शर्टाची बटणं मी माझ्या हाताने काढली. पंक्चर वीस मिनिटांत निघतं, त्या बोटांनी चार दिवस घेतले होते. माझा हिशेब तिथेच झाला.

एक कबुली दिली पाहिजे. माझे तळवे, माझी मनगटं, माझं वजन. तो मित्र आजही हायब्रीडवरच फिरतो, विजापूर त्याने चार वेळा केलं, आणि त्याच्या बोटांना काही होत नाही. तुमचंही तसं असू शकेल. ते आधी तपासता येतं: कुणाची तरी हायब्रीड मागून घ्या आणि तुळजापूरला जाऊन या. नव्वदेक किलोमीटर होतात. येताना करंगळी बोलली नाही तर हायब्रीड घ्या आणि वाचलेल्या पैशांत चांगली पॅडेड चड्डी आणि दिवे घ्या. (पॅडेड चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते. हे सांगायला कुणी नसल्यामुळे मी पहिली मोठी राइड फार वाईट काढली.) फक्त कोजागिरीच्या आधीचे दोन-तीन दिवस हा रस्ता टाळा, तेव्हा तो देवीला पायी जाणाऱ्यांचा असतो.

तुळजापूरच्या शेवटच्या घाटात हायब्रीड सरस, हेही नोंदवतो. तिचे हलके गिअर बसल्या बसल्या वर नेतात, रोड बाइकवर मी उभा राहून चढतो. पण विजापूरच्या रस्त्याला असा घाट नाहीच, नुसते लांब लांब चढउतार. सामानाचंही तसंच: हायब्रीडला कॅरिअर बसतं, रोड बाइकला सीटखालची पिशवी आणि दोन बाटल्या. जानेवारीत दोन बाटल्या पुरतात, रसवंत्या आणि धाबे वाटेत आहेत. एप्रिलमध्ये हा विषय काढूच नका.

वाऱ्याचं मात्र लक्षात ठेवा. आषाढ-श्रावणात पश्चिमेचा वारा सुटला की अक्कलकोटला जाताना वाटतं आपण फार तयार झालो, आणि परत येताना कुंभारीपर्यंत सगळी तयारी उतरते. त्या वाऱ्यात हायब्रीडवर छाती शिडासारखी उभी राहते. हँडलच्या खालच्या बाकात हात घालून वाकलं की निदान घर दिसतं.

तेव्हा रोड बाइक घ्यायचीच तर शर्यतीची नको. बसायला जरा उभट, आणि ३२ मिलिमीटरचं टायर मावेल अशी बघा. दुकानदार २५ चं टायर लावलेली दाखवेल, त्याला विचारा ३२ जातं का. जात असेल तर तारांचा त्रास तिथेच जरा कमी होतो. साईज मात्र तुमचीच हवी. "दोन नंबर मोठी आहे, सीट खाली करून देतो" असं म्हणाला तर ती सोडा आणि आपल्या मापाची हायब्रीड घ्या. मापाबाहेरच्या रोड बाइकपेक्षा ती केव्हाही बरी.

सहकारी परवा दुकानात जाऊन आला. रोड बाइकवर बसून हॉटगी रोडला एक चक्कर मारली म्हणाला. मग म्हणाला, "सर, मान दुखते ओ."

दुखते. पंधरा दिवस.