सात महिन्यांनंतर: बोर्ड चांगला, पण ती तळटीप!

फेब्रुवारीत नवा पीसी जुळवून घेतला. वेगाबद्दल सगळे सांगतात ते खरं आहे, त्यात माझी भर नको. माझं भांडण मदरबोर्डच्या (सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी) सगळ्यात खालच्या स्लॉटशी, म्हणजे कार्ड खोचायच्या खाचेशी आहे.

हस्त लागायच्या आत आईच्या आवाजातली भोंडल्याची गाणी कॅसेटवरून उतरवायची होती. बोर्डाच्या स्वतःच्या लाइन-इनमध्ये (बाहेरचा आवाज आत घ्यायच्या भोकात) घरघर येते, म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतून वायर आणली आणि जुन्या मशीनमधलं साउंड कार्ड त्या खालच्या एक्स-वन (सगळ्यात आखूड) स्लॉटमध्ये बसवलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या भागांची विंडोजमधली यादी) नावच नाही! पिवळा त्रिकोण असता तर ड्रायव्हरला (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) धरलं असतं. इथे गाडी ड्रायव्हरपर्यंत पोचतच नव्हती. सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासल्या, बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला, स्लॉटचा वेग ऑटोवरून जेन-वन, म्हणजे सगळ्यात संथ केला. ढिम्म.

मशीन रिक्षात घालून दुकानात नेलं. "कार्ड मेलंय काका, यूएसबीवालं घ्या, अठराशे." जुन्या पीसीत लावून दाखवतो म्हटलं, तर "मग बोर्डात प्रॉब्लेम असेल." बोर्ड वॉरंटीत आहे म्हटल्याबरोबर कार्ड पुन्हा मेलं.

तोवर या रिव्ह्यूत बोर्डाला दोनच तारे द्यायचं मी नक्की केलं होतं. घरी येऊन, केवळ अठराशे वाचवायचे म्हणून, कार्ड वरच्या लांब स्लॉटमध्ये खोचलं. (एक्स-वनचं कार्ड एक्स-सिक्स्टीनमध्ये खुशाल चालतं. ग्राफिक्स कार्ड मी घेतलेलं नाही, प्रोसेसरमधल्यावर भागतं, त्यामुळे तो रिकामाच होता.) लगेच दिसलं!

मग मॅन्युअल. खोक्यात नुसती घडी घातलेली चित्रं, खरं पुस्तक पीडीएफ. त्यात तक्त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात: दुसऱ्या एम डॉट टू स्लॉटमध्ये (बोर्डावर आडवी एसएसडी, म्हणजे साठवणीची पट्टी, बसवायची जागा) एसएसडी असेल तर खालचा स्लॉट बंद. जूनमध्ये स्वस्तात मिळाली म्हणून एसएसडी मीच तिथे लावली होती. चिपसेटकडे (हे स्लॉट सांभाळणाऱ्या बोर्डावरच्या चिपकडे) लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, मोजक्या, दोघांत एकच वाटणी, हे मान्य. पण बोर्डावर ड्रॅगनची नक्षी छापायला शाई होती, मग हे एक वाक्य स्लॉटशेजारी छापताना संपली का?

साडेतीन तारे. घरघर गेली, दोन कॅसेटी उतरवून झाल्या. चिरंजीव ग्राफिक्स कार्ड मागतायत, त्यांना स्लॉट रिकामा नाही म्हणून सांगितलंय. एसएसडी हलवली की साउंड कार्ड खाली जाऊन वरचा मोकळा होतो, हे त्यांना माहीत नाही. पीडीएफ वाचायची सवय त्यांनाही नाही.