सड्यावरच्या कॅम्पिंग टूरचे पैसे भरण्याआधी हे वाचा

रत्नागिरी-राजापूरच्या कातळसड्यांवर पाठीला सॅक लावून फिरायचं, रात्री तंबूत राहायचं, अशा ग्रुप टूरच्या जाहिराती सध्या इन्स्टाग्रामवर धडाधड येतायत. त्यातल्या एका टूरमध्ये आमच्या अख्ख्या ग्रुपचे पैसे गेले. आणि ज्या गावात आम्हाला नेलं, त्या गावालाही त्याच टूरवाल्याने आधीच फसवलेलं होतं. दुसरी गोष्ट मला जास्त लागली, म्हणून सविस्तर लिहितेय.

जाहिरात अशी होती: तीन मुक्काम, कशेळी, देवाचे गोठणे आणि बारसूची कातळशिल्पं (कातळात कोरलेली जुनी चित्रं), गावखडीचा किनारा, माणशी साडेआठ हजार. त्यात स्थानिक वाटाड्या, गावातल्या घरचं जेवण, तंबू, जमीनमालकांची परवानगी, सगळं आलं. मी चिपळूणची. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. पावसाळ्यात हिरवंगार, पण शिमग्याच्या सुमारास तिथे सावलीला झाड नसतं आणि प्यायला थेंब नसतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून पाण्याचं आधीच विचारलं. "माणशी रोज पाच लिटर, गाडीने येईल," असं लेखी उत्तर आलं. तो मेसेज माझ्याकडे आहे.

रत्नागिरी स्टेशनवर 'टूर लीडर' आलाच नाही. त्याच्या जागी कॉलेजातला एक मुलगा आला, तोही या भागात पहिल्यांदाच. गाडीवाल्याने पूर्णगडच्या अलीकडे गाडी उभी केली, कारण त्याला डिझेलचेही पैसे मिळाले नव्हते. लीडरला फोन लावला तर म्हणे, तुम्ही आता द्या, शेवटी वळते करून घेऊ. तिथून वसुली सुरू झाली. कुठे 'पंचायतीची फी', कुठे 'वनखात्याची पावती'. पावती मात्र एकाचीही मिळाली नाही.

गावखडीला 'कासवाची पिल्लं हातात घेऊन समुद्रात सोडा' असा कार्यक्रम होता. ऑलिव्ह रिडलेची अंडी उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. पिल्लं नेमकी कुठल्या पहाटे वर येतील हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. शिवाय हे कासव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. पिल्लं हाताळणं हा पर्यटकांच्या हौसेचा विषयच नाही. तिथल्या कासवमित्राने आम्हाला शांतपणे सांगितलं, असलं बुकिंग आम्ही कुणाचं घेत नाही. जाहिरातीत पिल्लांची 'गॅरंटी' दिसली की तिथेच थांबा.

सड्यावरचा मुक्काम तर संतापजनक होता. तंबू खुंट्या ठोकून उभे राहणारे. कातळात खुंटी जाणार कशी? दोऱ्यांना चिरे बांधून आम्ही ते कसेबसे उभे केले. रात्री वारा सुटला आणि त्यातले काही आडवे झाले. सड्यावर एक रात्र काढलेला माणूस असले तंबू घेऊन येणारच नाही. पाण्याचे दोन कॅन होते, सगळ्यांना मिळून. दुसऱ्या दिवशी भर उन्हात चालताना आमच्यातल्या एकीला चक्कर आली. प्रथमोपचाराच्या पेटीत बँडेजची गुंडाळी आणि मुदत संपलेलं मलम. साधी ओआरएसची पुडी नाही. एका आंब्याच्या बागेतल्या राखणदाराने पाणी दिलं, सावलीत बसवलं, म्हणून निभावलं.

त्याच संध्याकाळी त्या मुलाने शेकोटी पेटवली. आजूबाजूला सुकलेलं गवत आणि दगडी गडग्यापलीकडे फळ धरलेली हापूसची कलमं! आम्ही आरडाओरडा करून ती विझवली, तोवर जमिनीचे मालक धावत आले. "इचारलात कोनाला?" एवढंच म्हणाले. परवानगी कुणी मागितलीच नव्हती. वणवा लागला असता तर त्यांचं वर्षाचं उत्पन्न गेलं असतं. जवळच कातळशिल्पं होती. आधीच्या कुठल्याशा ग्रुपने फोटोत उठून दिसावीत म्हणून त्यांच्या रेषांत खडू भरला होता. कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटरचा आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. हजारो वर्षं टिकलेलं हे काम असल्या लोकांच्या हाती लागावं, याचं फार वाईट वाटतं.

जेवण एका मावशींच्या घरी होतं. भाकरी, कुळथाची पिठी, काजूची उसळ, मनापासून केलेलं. हात धुताना मी सहज विचारलं, तुम्हाला माणशी किती मिळतात? त्या म्हणाल्या, "बाय, मागल्या टायमाचे पैसे पन नाय दिलान त्याने." आमच्या साडेआठ हजारांतला एक रुपयाही त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. आम्ही वर्गणी काढून त्यांचे आमच्या जेवणाचे पैसे दिले. त्यांची आधीची बाकी अजून तशीच आहे.

म्हणून माझा आग्रह आहे: पैसे भरण्याआधी स्वयंपाक कोण करणार आणि वाट कोण दाखवणार, त्यांचे नंबर मागा आणि स्वतः फोन करा. त्यांना तारीख माहीत आहे का आणि आधीच्या ग्रुपचे पैसे मिळाले का, हे दोन प्रश्न विचारा. खरा आयोजक नंबर द्यायला कचरत नाही. पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यात मागितले तर आधी पक्की पावती मागा.

आम्ही परतायच्या आतच व्हॉट्सॲप ग्रुपवर 'फक्त ॲडमिन लिहू शकतात' असं झालं आणि जुने मेसेज उडायला लागले. सुदैवाने काहींनी स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. पैसे घेऊन माणूस गायबच झाला, तर लगेच १९३० वर सायबर तक्रार करा. टूर झाली पण कबूल केलेलं दिलं नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

१९१५ वर तक्रार गेल्यावर त्या माणसाने मला पुढच्या टूरचं कूपन देऊ केलं. मी नाही म्हटलं. आता जिल्हा आयोगाकडे तक्रार केली आहे आणि मावशींच्या बाकीचा उल्लेखही तिच्यात केला आहे. दरम्यान त्याच्या पेजचं नाव बदललंय, पण फोटो तेच आहेत: हिरवागार सडा, फुलं, खळग्यांत साचलेलं पाणी. ते दृश्य श्रावणातलं आहे. खाली टूरची तारीख मात्र मार्चची आहे.