सर्ज एक्सटी आणि स्काला फाइली: अरबी, तुर्की, फारसी सुरांसाठी आठ महिने वापरल्यानंतर

मांडणी साधी आहे. ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड, लॅपटॉप, त्यावर सर्ज एक्सटी हा मोफत सिंथेसायझर आणि हाताने लिहिलेल्या, प्रत्येक पट्टीचा सूर ठरवणाऱ्या स्काला फाइली. शेजारी एक अरेंजर कीबोर्ड, ज्यात प्रत्येक स्वर सेंटच्या (अर्ध्या स्वराच्या शंभराव्या भागाच्या) हिशोबात वरखाली करता येतो. आठ महिने दोन्ही नियमित वापरल्यावर सांगण्यासारखी मुख्य गोष्ट एकच: ‘ई आणि बी पन्नास सेंट खाली घ्या’ ही सगळीकडे सांगितली जाणारी युक्ती रास्त या अरबी मक़ामापुरती कामचलाऊ आहे. तुर्की मकाम आणि फारसी दस्तगाह (मक़ाम काय, दस्तगाह काय, आपल्या रागासारख्याच स्वरचौकटी) तिच्यावर वाजवले की बेसूर होतात. मक़ामागणिक वेगळी फाइल लागते, आणि एकदा रीत कळली की ती दहा मिनिटांत लिहून होते.

आपला कान नेमका कुठे अडतो, हे आधी पाहू. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर २२ श्रुतींच्या प्रचलित मांडणीत रिषभाच्या चार जागा येतात: साधारण ९०, ११२, १८२ आणि २०४. गांधाराच्या २९४, ३१६, ३८६ आणि ४०८. बयाती या अरबी मक़ामातला दुसरा स्वर १४० ते १५० वर बसतो आणि रास्तमधला तिसरा ३५० च्या आसपास. म्हणजे दोन्ही स्वर आपल्या कोमल आणि शुद्ध यांच्या बरोबर मधल्या रिकाम्या जागेत पडतात. तानपुऱ्यावर तयार झालेला कान त्यांना ‘उतरलेला शुद्ध’ समजतो आणि गाताना नकळत वर खेचतो. तो उतरलेला शुद्ध नाही. तो स्वतःच्या जागेवर ठाम उभा असलेला स्वर आहे, आणि हे कानाला पटेपर्यंत सॉफ्टवेअर कितीही अचूक असलं तरी उपयोग नाही. इजिप्तच्या गायिका उम्म कुलसुम किंवा सीरियातल्या हलबचे गायक सबाह फख्री यांच्या ध्वनिमुद्रणातला मुक्कामाचा स्वर (त्यांचा षड्ज) पकडायचा, तोच सूर खाली धरून ठेवायचा आणि फक्त तिसरा स्वर गात राहायचा. पहिले तीन आठवडे एवढंच केलं तरी पुरे.

तुर्की रास्तशी मात्र कानाची ओळख लगेच होते. आरेल-एझगी-उझदिलेक या तुर्की स्वरमापन पद्धतीत सप्तकाचे ५३ कोमा मानतात, एक कोमा २२.६४ सेंटचा. रास्तमध्ये पहिला टप्पा ९ कोमांचा, दुसरा ८ कोमांचा, म्हणून तिसरा स्वर सेगाह १७ कोमांवर, ३८४.९ सेंटला येतो. खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गांधार ३८६.३ वर असतो. फरक दीड सेंटचासुद्धा नाही! बाजारातल्या समान सुरावटीच्या पेटीचा गांधार ४०० वर असतो, त्यापेक्षा हा सेगाह आपल्याला कितीतरी सुरेल लागतो. नाव तेच रास्त, पण अरबी फाइलवर वाजवला तर तिसरा स्वर तीसेक सेंट खाली जातो आणि इस्तंबूलचा रंग पार निघून जातो.

पण तुर्की पद्धतीतही एक फसवी जागा आहे: उश्शाक हा मकाम. कागदावर त्याचा दुसरा स्वर ८ कोमांवर, म्हणजे १८१ सेंटवर लिहितात. नेय (बासरी) आणि तंबूर (लांब मानेचं तंतुवाद्य) वाजवणारे तो ६ ते ७ कोमांवर घेतात, म्हणजे १३६ ते १५८ सेंट. पुस्तकी आकडे भरलेली फाइल रास्तला गोड लागते आणि उश्शाकला कोरडी, त्याचं कारण हे. उश्शाकसाठी वेगळी फाइल करावी आणि दुसरा स्वर १५० पासून सुरू करून कानाने खाली आणावा.

आता फाइल. स्काला फाइल म्हणजे साधा मजकूर, नोटपॅडमध्ये लिहिता येतो. उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी टिपांच्या. त्या सोडून पहिली ओळ वर्णनाची, दुसरी स्वरसंख्येची, मग एकेका ओळीवर एकेक स्वर. पहिला स्वर, म्हणजे शून्य, लिहायचा नसतो. शेवटची ओळ तार सप्तकाच्या षड्जाची, २/१. अंक इंग्रजीच टंकावे लागतात. सी पट्टीवरच्या अरबी रास्तसाठी आठ महिन्यांनी टिकलेले आकडे असे: संख्या १२, आणि मग १००.०, २०४.०, २९४.०, ३५४.०, ४९८.०, ६००.०, ७०२.०, ८००.०, ९०६.०, ९९६.०, १०५६.०, २/१. इथे चौथे-पाचवे स्वर शुद्ध ठेवले आहेत, कारण ऊद या अरबी तंतुवाद्याच्या तारा प्रामुख्याने चौथ्याच्या अंतराने जुळवतात. नुसते २००, ३५०, ७०० भरले तरी चालतं, पण खाली सूर धरला की पंचम किंचित हलतो.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक: दशांशचिन्ह विसरणं. स्काला फाइलमध्ये ‘३५४.०’ म्हणजे सेंट, पण नुसतं ‘३५४’ म्हणजे गुणोत्तर, मूळ कंपनसंख्येच्या ३५४ पट! एका ठिकाणी टिंब राहिलं की ती एकच पट्टी कानाबाहेरचा आवाज काढते किंवा मुकी होते, आणि दोष आपण सिंथेसायझरमध्ये शोधत बसतो.

दुसरी चूक सात स्वरांची फाइल करण्याची. मक़ामात सात स्वर म्हणून सातच ओळी लिहिल्या, तर सोबत पट्ट्यांची मांडणी सांगणारी केबीएम फाइल नसताना ते सात स्वर लागोपाठच्या सात पट्ट्यांवर, काळ्या धरून, बसतात आणि सप्तक सीपासून जीपर्यंतच संपतं. म्हणून नेहमी बारा स्वरांची फाइल, आणि तीही सीपासूनच मोजलेली, मक़ाम डीवरचा असला तरी. बयाती डीवर घेतात. त्यासाठी वरच्याच फाइलमध्ये ३५४ च्या जागी ३४४ करायचं. कैरोचे वादक बयातीतला हा स्वर रास्तमधल्यापेक्षा थोडा खाली घेतात आणि हे दहा सेंट स्पष्ट ऐकू येतात. सप्तकाच्या २४ समान भागांच्या तक्त्यात दोन्ही मक़ामांना एकच आकडा मिळतो. १९३२ च्या कैरो परिषदेत त्या तक्त्यावर वाद झाला, तो उगाच नाही.

तिसरी गोष्ट बारीक आहे. केबीएम फाइलमध्ये आधाराची पट्टी आणि तिची कंपनसंख्या द्यावी लागते. सवयीने तिथे ए आणि ४४० लिहिलं जातं. पण तुर्की रास्तमध्ये ए ९०६ सेंटवर आहे, ९०० वर नाही. मग सगळी सुरावट जवळजवळ सहा सेंट खाली सरकते आणि सी २६१.६ ऐवजी २६०.८ हर्ट्झवर येतो. वेगळ्या यंत्रातून धरलेल्या षड्जाशी तो सेकंद-सव्वा सेकंदाला एक अशी संथ आंदोलनं देत राहतो. आधाराची पट्टी ६०, कंपनसंख्या २६१.६२५६ लिहा, प्रश्न मिटतो. जुन्या ध्वनिमुद्रणासोबत वाजवायचं असेल तर त्यातला मुक्कामाचा स्वर आधी मोजून तोच आकडा इथे घालावा. जुने तुर्की वादक तनबूरी जमील बे यांच्या काळातल्या तबकड्यांचा वेग सारखा नसतो, तिथे ४४० वर विसंबून काही जुळत नाही.

आवाज निवडतानाही सांभाळावं लागतं. सर्जमधले भरदार तयार आवाज या कामासाठी बहुतेक निरुपयोगी ठरले, कारण त्यांत युनिसन आणि कोरस (एकाच स्वराच्या किंचित वेगळ्या सुरातल्या प्रती) असतो. दहा सेंटांनी पसरलेल्या आवाजात ३४४ आणि ३५४ यांतला भेद कानाला कसा कळणार? एकच ऑसिलेटर, करवती लहर, दोन-अडीच हजार हर्ट्झवर लो-पास फिल्टर, कंप शून्य. अगदी शुद्ध साइन लहरही नको. तिला वरचे स्वरांश नसल्याने खालच्या सुराशी ताडून पाहणं अवघड जातं.

अरेंजरबद्दल. त्यात मर्यादा −६४ ते +६३ सेंट आहे, आणि मिडीच्या एक बाइटच्या सप्तक-सुरावट संदेशाचीही तीच. अरबी कामाला ती पुरते. शूर या फारसी दस्तगाहला नेमकी एका सेंटने कमी पडते! शूरमध्ये मुक्कामाच्या वरचा स्वर साधारण १३५ वर, त्यापुढचा २९५ वर असतो. डीवर मुक्काम धरला तर ई-कोरोनसाठी (कोरोन म्हणजे अर्धस्वरापेक्षा कमी उतरवलेला स्वर) ई पट्टी ६५ ने खाली हवी. उपाय: ई सोडून द्या, ई-फ्लॅटची काळी पट्टी ३५ ने वर घ्या. बोटांची सवय बदलते, सूर मात्र बरोबर येतो. चहारगाह या दस्तगाहलाही हेच. सीवर धरला तर डी-कोरोन १३५ वर, म्हणजे सी-शार्प +३५. ए-कोरोन ८३५ च्या आसपास, म्हणजे ए-फ्लॅट +३५. आणि ई ४०५ वर. ऐकताना भैरवाचा भास होतो आणि तिथेच हात चुकतो. भैरवाचा आंदोलित रिषभ ज्या जागेभोवती झुलतो, त्याच्या बराच वर हा स्वर स्थिर उभा असतो. इराणी गायक शजारियान यांचा आवाज शेजारी लावून पाहिला की खात्री पटते. कोरोन म्हणजे पन्नास सेंट उतरलेला स्वर, ही समजूत सोडूनच पुढे जावं.

आमच्या सतारीच्या ‘पडद्या’चं नाव फारसीतून आलेलं, आणि तार-सेतारचे आतड्याचे किंवा नायलॉनचे पडदे आजही सरकवता येतात. वादक दस्तगाह बदलला की पडदा हलवतो. कीबोर्डवरची स्वतंत्र फाइल म्हणजे तेच काम, फक्त हाताऐवजी आकड्याने.

अडचण राहते ती वाजवता वाजवता मक़ाम बदलण्याची. रास्तमधून उतरताना बी-फ्लॅट हवा, तो काळ्या पट्टीवर तयार आहे. नहावंद या मक़ामासाठी ई-फ्लॅटही आहे. पण जीवर हिजाझ ही स्वरावली लावून सूझनाक हा मक़ाम करायचा, तर पूर्ण बी हवा आणि ती पट्टी आपण खाली आणून ठेवलेली असते. यावर टिकलेला मार्ग म्हणजे सर्जच्या दोन प्रती, दोन ट्रॅक, दोन फाइली, आणि पॅडने चॅनेल बदलणं. एमटीएस-ईएसपी या सुरावट-प्रणालीने सगळ्या वाद्यांची सुरावट एकाच जागेवरून बदलता येते, मोठ्या मांडणीत ते बरं. दोन फाइलींसाठी एवढं लागत नाही. पिच-बेंड पट्टीने स्वर ओढायचा असेल, तर कक्षा दोन अर्धस्वरांची असताना ५० सेंट खाली म्हणजे ८१९२ वरून ६१४४. पण बेंड त्या चॅनेलवरच्या सगळ्या स्वरांना लागू होतो, धरलेला खालचा सूरही सोबत घसरतो. तो सूर नेहमी वेगळ्या चॅनेलवर ठेवा.

२४ स्वरांची फाइल पाठांतरासाठी ठीक. वाजवायला नको, एक सप्तक २४ पट्ट्यांवर पसरतं आणि हात पोचत नाही.

मिडी फाइल दुसऱ्याला पाठवली तर तिच्यात आपली सुरावट जात नाही, समोर सगळं पेटीसारखं वाजतं. स्काला आणि केबीएम या दोन्ही फाइली सोबत जोडा, आणि नावातच परंपरा, मक़ाम आणि मुक्कामाची पट्टी लिहा: ‘रास्त-अरबी-सी’, ‘रास्त-तुर्की-सी’, ‘शूर-डी’. नुसतं ‘रास्त’ नाव ठेवलेली फाइल महिनाभराने उघडली की तिसरा स्वर ३५४ चा की ३८५ चा, हे वाजवल्याशिवाय कळत नाही.