इंग्रजी वाक्य छाटायला काय वापरावं? हेमिंग्वे एडिटर आणि पर्ड्यूचं 'आउल'

सामाजिक संस्थांचे इंग्रजी अहवाल दुरुस्त करून देणं हे माझं काम. कंपनी कायद्यातल्या सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी नफ्याचा काही भाग सामाजिक कामावर खर्च करण्याच्या, तरतुदी २०१४मध्ये लागू झाल्या, कंपन्यांचा पैसा आमच्या नाशिककडच्या छोट्या संस्थांपर्यंत यायला लागला आणि त्यामागोमाग इंग्रजी अहवालांची मागणीही आली. लिहिणारी मंडळी मराठी शाळेत शिकलेली, कामाला वाघ. पण इंग्रजी लिहायला बसली की अंगात तहसील कचेरी संचारते. या इंग्रजीसाठी मी दोन साधनं वापरते. एक बहुतेकांना माहीत असतं, दुसरं फारसं कुणाला नाही. माझं मत दुसऱ्याला.

माहीत असलेलं म्हणजे हेमिंग्वे एडिटर. ब्राउझरमध्ये उघडायचं आणि मजकूर चिकटवायचा. वाचायला जड वाक्य पिवळं होतं, फारच जड असेल तर लाल. कर्मणी प्रयोग आणि क्रियाविशेषणंही रंगवून दाखवतं. बाजूला इयत्ता येते, म्हणजे हा मजकूर वाचायला कितवीपर्यंतचं शिक्षण लागेल त्याचा अंदाज. साधी आवृत्ती फुकट आहे, एआयकडून वाक्य बदलून हवं असेल तर पैसे मोजा. पन्नास शब्दांचं, तीन 'विच' आणि दोन 'व्हेअरअ‍ॅज' असलेलं वाक्य लिहिणाऱ्याला हे दाखवावंच. आपलं वाक्य लालभडक झालेलं बघितलं की माणूस न सांगता तोडायला बसतो.

पण आमच्याकडचा रोग लांब वाक्यांचा नाहीच. एक नमुना बघा. पाणीपुरवठ्याच्या अहवालात असतं तसंच हे वाक्य आहे: 'इट इज टू बी नोटेड दॅट अ डिसिजन वॉज टेकन बाय द कमिटी इन रिस्पेक्ट ऑफ द पर्चेस ऑफ टू पंप्स.'

शब्द २१. आता हेमिंग्वेची इयत्ता ज्या सूत्रावरून निघते ते ऑटोमेटेड रीडॅबिलिटी इंडेक्स घ्या. हे सूत्र १९६७ सालचं, अमेरिकी हवाई दलासाठी तयार केलेलं, विजेच्या टाइपरायटरवर टाइप करता करता मोजता यावं म्हणून अक्षरं मोजणारं. ते दोनच गोष्टी बघतं: शब्दामागे सरासरी अक्षरं किती आणि वाक्यात शब्द किती. या वाक्यात ८० अक्षरं, २१ शब्द. मी कागदावर हिशेब मांडला, उत्तर आलं बरोबर सातवी. म्हणजे उत्तम! सातवीचं इंग्रजी सोपंच मानतात. कर्मणी प्रयोगावर रंग चढेल, पण वाक्याचं एकूण प्रगतिपुस्तक स्वच्छ. कारण उघड आहे, 'इन', 'ऑफ', 'बाय', 'टू' हे सगळे दोन-दोन अक्षरांचे शब्द. असे जितके कोंबाल तितकी सरासरी खाली. आमच्या मंडळींची सगळी चरबी नेमकी याच शब्दांत असते.

दुसरं साधन म्हणजे पर्ड्यू विद्यापीठाची ऑनलाइन रायटिंग लॅब, 'आउल'. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं हे विद्यापीठ नव्वदच्या दशकापासून लेखनाचं साहित्य इंटरनेटवर फुकट ठेवतं. संशोधनवाले तिथे संदर्भ कसे द्यायचे ते बघायला जातात आणि तिथूनच परततात. मला हवं ते पान आहे 'पॅरामेडिक मेथड'चं, म्हणजे फुगलेलं वाक्य पायरीपायरीने छाटायच्या पद्धतीचं. पद्धत मुळात रिचर्ड लॅनहॅम या कॅलिफोर्नियातल्या प्राध्यापकांची. पान दिसायला रुक्ष, जाहिराती मधे मधे, आणि तुमचं वाक्य तिथे चिकटवायची सोयच नाही. पेन्सिल घ्यायची आणि स्वतः करायचं.

प्रथम शब्दयोगींना वर्तुळ: वरच्या वाक्यात बाय, इन, ऑफ, ऑफ, म्हणजे चार. मग 'इज'च्या कुळातल्या क्रियापदांना चौकट: इज, बी, वॉज. वाक्यात खऱ्या कामाचं क्रियापद एकही उरलेलं नाही हे इथेच दिसतं. आता विचारायचं, घडतंय काय? निर्णय होतोय. तो 'डिसिजन' नावाच्या नामात दडून बसलाय, त्याला ओढून क्रियापद करायचं. खरेदीचंही तेच. निर्णय कोण घेतंय? कमिटी. तिला पुढे आणून बसवायचं. सुरुवातीचं 'इट इज टू बी नोटेड दॅट' सरळ काढून टाकायचं. नोंद घ्यायची नसती तर अहवालात लिहिलं कशाला असतं? उरतं ते: 'द कमिटी डिसायडेड टू बाय टू पंप्स.' सात शब्द. किती टक्के गेलं त्याला लॅनहॅम 'लार्ड फॅक्टर' म्हणतात. इथे २१ पैकी १४ गेले, म्हणजे सुमारे ६७ टक्के. आणि 'बाय द कमिटी' गेल्यामुळे कमिटीचं काही बिघडलं नाही, उलट आता तिला जबाबदारी टाळता येत नाही. ऑडिटच्या वेळी हे फार उपयोगी पडतं.

अडचण वेगळीच आहे. हे पान मी एका कार्यकर्त्याला दाखवलं, त्याने वाक्य छाटलं आणि घाबरून म्हणाला, "ताई, हे इंग्रजीच वाटत नाही हो. कंपनीवाल्या सरांना वाटेल आम्हाला येतच नाही." त्याचं अगदीच चुकत नाही. वाक्य लहान केलं की अज्ञान उघडं पडेल ही भीती खरी आहे, आणि तिच्यावर आउलच्या पानावर एक ओळही नाही. उदाहरणं अमेरिकन कॉलेजातली, त्यामुळे 'काइंडली डू द नीडफुल' म्हणजे काय प्रकरण आहे ते त्यांच्या गावीही नसावं.

शिवाय हत्यार सगळीकडे चालवू नका. पाण्याचे नमुने कसे तपासले हे लिहिताना कर्मणी प्रयोग शोभतो. नमुने महत्त्वाचे, तपासनीस नव्हे. देणगीदार ट्रस्टच्या वयस्कर विश्वस्तांना पत्र लिहिताना तर सुरुवातीचं लांबण मी मुद्दाम ठेवते. तिथे धडाधड मुद्द्यावर आलं की उद्धटपणा वाटतो. परिच्छेदाची मांडणी विस्कटलेली असेल, तर दोन्ही साधनं सारखीच निरुपयोगी.

आता माझा क्रम असा: मसुदा दुप्पट ओळींच्या अंतरावर छापायचा, फक्त पहिल्या पानावर वर्तुळं करायची. लिहिणाऱ्याच्या सवयी तेवढ्यात कळतात, बाकीची पानं त्याची त्याने करावीत. हेमिंग्वे शेवटी, एखादं लांबलचक वाक्य नजरेतून निसटलंय का बघायला. एआयच्या छाटणीचे पैसे मी भरलेले नाहीत. दोन पंपांचा निर्णय कमिटीचा की इंजिनिअरचा, हे संस्थेत फोन करूनच विचारावं लागतं.